परसातली कीड आणि वावरातलं विष

नागपूरहून इटारसीकडे निघालेली गाडी पांढुर्णा मागे टाकून तिगावला येते तेव्हा सपाटी संपत आलेली असते. तिगाव ते चिचोंडा हा सातपुड्याचा घाट. तो चढला की तापीच्या उगमाची मुलताई. घाटाच्या पायथ्याचा हा पट्टा संत्र्याचा आणि कपाशीचा. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे झाले आणि पांढुर्णा हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. राज्य मध्यप्रदेश, कचेरीतला कागद हिंदीत. पण घरातलं आणि वावरातलं बोलणं मराठी, वऱ्हाडी वळणाचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणारी गोटमार उभ्या देशाला ठाऊक आहे. याच दिवसांत इथल्या शेतांमध्ये पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, छातीला लागलेली असते आणि फवारणीला जोर आलेला असतो, त्याची बातमी मात्र होत नाही.

कास्तकाराच्या घरी फवारणीचा पंप असतो आणि औषधाच्या अर्ध्यामुर्ध्या बाटल्याही असतात. त्याच घरामागे सांदवाडी, म्हणजे परसबाग, असते. चार वांगी, मिरचीची रोपं, भेदरं (टोमॅटो), सांबार (कोथिंबीर), मांडवावर वालाचा वेल, कोपऱ्यात लिंबू आणि कढीपत्ता, देवाच्या फुलांसाठी जास्वंद. जास्वंदीवर पांढरा कापूस दिसला किंवा मिरचीची पानं आकसली, की हात आपोआप वावरासाठी आणलेल्या बाटलीकडे जातो. पुण्या-मुंबईच्या गच्चीवर कुंड्या सांभाळणाऱ्यांकडे अशी बाटली नसते, म्हणून ते दुकानात जातात आणि ‘काहीतरी जोरदार द्या’ म्हणतात. दोघांचीही वाट एकच: किडीची ओळख पटण्याआधी औषध ठरून जातं.

मला या लेखात एवढंच सांगायचं आहे की हा क्रम उलटा करायला हवा. आधी कीड ओळखायची, मग तिची सवय समजून घ्यायची, मग हातानं, पाण्यानं, कात्रीनं काय होतं ते पाहायचं. एवढं करूनही गरज उरली, तरच त्या किडीला लागू पडणारं आणि माणसाला कमीत कमी घातक असं औषध निवडायचं. जोरदार औषध ही घरच्या बागेची गरज जवळजवळ कधीच नसते.

वावराचा हिशेब सांदवाडीला लागत नाही

शेतात फवारणीचा निर्णय आर्थिक नुकसानीच्या पातळीवर घेतला जातो. किडीमुळे होणारं नुकसान फवारणीच्या खर्चापेक्षा वाढणार असं दिसलं की फवारायचं, असं कृषिशास्त्र सांगतं. फवारल्यानंतर ठरावीक दिवस थांबून मगच काढणी करायची, याला प्रतीक्षा कालावधी म्हणतात. तो औषधागणिक आणि पिकागणिक बदलतो. कुठे एक-दोन दिवस, कुठे दोन-तीन आठवडे. कापसाच्या बोंडाला हे थांबणं जमतं. सांदवाडीतलं वांगं सकाळी फवारलं आणि संध्याकाळी पाहुणे आले, तर ते तोडलं जातंच. सांबाराची जुडी तर धुऊन थेट ताटात जाते. त्याच आवारात पोरं खेळतात, कोंबड्या चरतात, दोरीवर कपडे वाळतात.

प्रश्न परवानगीचाही आहे. आपल्याकडे प्रत्येक कीटकनाशकाची नोंदणी विशिष्ट पिकासाठी आणि विशिष्ट किडीसाठी होते. फरीदाबादचं केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समिती ती देते. कापसासाठी नोंदलेलं औषध मेथी-पालकावर किती दिवस टिकतं आणि ते खाल्लं तर काय होतं, याचा त्या नोंदणीत विचारच झालेला नसतो. म्हणून कापसावर चालतं तर वांग्यावरही चालेल हा तर्क धोक्याचा आहे.

मापाचंही पाहा. मावा-तुडतुड्यांसाठी सर्रास वापरलं जाणारं इमिडाक्लोप्रिड 17.8 टक्के हे औषध लिटरमागे साधारण 0.3 मिलिलिटर इतकंच लागतं. 100 मिलिलिटरच्या बाटलीत 300 लिटरहून जास्त द्रावण होतं. घरच्या दहा-पंधरा झाडांना एका वेळी दोन लिटर पुरतं. दर महिन्याला फवारलं तरी वर्षाला 24 लिटर, म्हणजे ती बाटली संपायला तेरा-चौदा वर्षं लागतील. तिची मुदत मात्र बहुधा दोनच वर्षांची असते. मधली सगळी वर्षं ते विष घरात, फळीवर, मुलांच्या हाताच्या टप्प्यात राहणार. शिवाय 0.3 मिलिलिटर मोजायला इंजेक्शनची सुई नसलेली सिरिंज लागते. घरात ती नसते, मग बुचानं अंदाज घेतला जातो आणि मात्रा दहा-वीस पटींनी चढते.

मिरचीचं एक झाड

कीड ओळखणं म्हणजे काय, हे मिरचीवर सर्वांत चांगलं समजतं. मिरचीची पानं आकसली की सगळे म्हणतात चुरडा-मुरडा आला, बोकड्या आला. औषधही एकच सांगितलं जातं. पण पानं आकसण्याची तीन वेगळी कारणं आहेत.

पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखं झालं, तर बहुधा फुलकिडे आहेत. डोळ्यांना जेमतेम दिसणारे हे किडे कोवळं पान खरवडतात आणि त्यातून येणारा रस शोषतात. पांढऱ्या कागदावर शेंडा झटकला की ते चालताना दिसतात. पानाच्या कडा खाली वळल्या, पान लांबट आणि गडद झालं, तर तो पिवळ्या कोळ्याचा उपद्रव. हा कोळी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, भिंग लागतं. आणि पानं लहान, पिवळसर, गुच्छासारखी होऊन झाड खुरटलं, तर तो विषाणू. तो पांढऱ्या माशीनं आणलेला असतो आणि एकदा झाडात शिरला की कुठल्याही औषधानं निघत नाही.

आता उपाय पाहा. फुलकिड्यांना निंबोळी अर्क, निळे चिकट सापळे आणि झाडाखालची स्वच्छता. कोळी हा कीटकच नव्हे. त्याला आठ पाय असतात, तो कोळ्यांच्या कुळातला. इमिडाक्लोप्रिडनं तो मरत नाही. उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी आणखी फोफावतो. त्याला पाण्यात मिसळणारं गंधक लिटरमागे दोन-तीन ग्रॅम पुरतं. विषाणू असेल तर झाड उपटून नष्ट करायचं आणि शेजारच्या झाडांवरची पांढरी माशी पिवळ्या चिकट सापळ्यांनी आवरायची. भेंडीच्या शिरा पिवळ्या पडतात तेव्हाही हाच न्याय: रोगाचं झाड काढून टाकणं हा त्यावरचा इलाज.

कास्तकाराच्या सांदवाडीत एक चौथं कारणही संभवतं. ज्या पंपानं 2,4-डी हे तणनाशक मारलं, तोच पंप वरवर धुऊन मिरची-भेदऱ्यावर वापरला, तर राहिलेल्या अंशानंही पानं पिळवटतात. टोमॅटो आणि कपाशी ही दोन्ही पिकं या तणनाशकाला कमालीची हळवी आहेत. कीड नाही, रोग नाही, आणि तरी माणूस त्यावर आणखी एक औषध मारतो. म्हणून घरच्या बागेसाठी एक-दोन लिटरचा वेगळा हातफवारा ठेवावा आणि त्यात तणनाशक कधीच घालू नये.

कोळशीनं शिकवलेलं

संत्र्याच्या पट्ट्यातल्या माणसाला कोळशी सांगावी लागत नाही. झाड काजळी फासल्यासारखं काळं पडतं, फळं काळी होतात, बाजारात भाव पडतो. विदर्भ आणि त्याला लागून असलेल्या या भागातल्या संत्राबागा कोळशीनं पुन्हा पुन्हा होरपळल्या आहेत. पण काळा थर हा मूळ रोग नव्हे. पानांच्या मागे काळी माशी नावाची कीड असते. तिची पिल्लं रस शोषतात आणि साखरेसारखा चिकट द्रव सोडतात. त्यावर काळी बुरशी वाढते. बुरशीनाशक मारून काही साधत नाही. माशीची पिल्लं आवरली की काळेपणाचं मूळ तुटतं.

या किडीच्या वर्षाला मुख्यतः तीन पिढ्या होतात आणि त्या झाडाच्या नव्या पालवीशी जुळलेल्या असतात. म्हणून अंडी निम्मी उबली असतील तेव्हा, पिल्लं कोवळी असताना फवारायचं, असा शास्त्रीय सल्ला आहे. पुढच्या अवस्थेत तिच्यावर कडक आवरण येतं आणि औषध वाया जातं. नागपूरला 1985 साली लिंबूवर्गीय फळांसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झालं. आज ते केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था या नावानं ओळखलं जातं. तिगावच्या बागाईतदाराला जवळ असलेलं हे मोठं ज्ञानकेंद्र आहे.

संत्र्याच्या बागेतला हा धडा सांदवाडीतल्या जास्वंदीलाही लागू होतो. जास्वंदीवरचा पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. त्याच्या अंगावर मेणाचं आवरण असतं, त्यामुळे नुसतं औषध त्याच्यावरून ओघळून जातं. तोही चिकट द्रव सोडतो आणि त्या गोडव्यासाठी मुंग्या येतात. मुंग्या त्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात, म्हणजे त्याची राखणच करतात. म्हणून पहिला उपाय मुंग्यांची वाट तोडणं. खोडाभोवती चिकट पट्टी बांधावी, जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटाव्यात. मग जास्त माखलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवावेत. उरलेल्यांवर पाण्याचा जोरदार झोत आणि साध्या साबणाचं द्रावण, लिटरमागे पाच ग्रॅम. मेण सुटतं आणि ढेकूण मरतो. आठ दिवसांनी पुन्हा एकदा करावं, कारण अंडी पहिल्या खेपेत वाचतात. साबण आधी चार पानांवर लावून दुसऱ्या दिवशी पाहावं. काही झाडांची पानं करपतात.

लिंबू आणि कढीपत्त्यावर आणखी एक पाहुणा येतो. पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काहीतरी दिसतं. ती लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी. मोठी झाली की ती हिरवीगार होते, आणि डिवचली की डोक्यामागून केशरी शिंगासारखा अवयव काढते, त्याला उग्र वास असतो. दोन-तीन झाडांवर दहा-पंधरा अळ्या असतात. सकाळी हातानं वेचल्या की काम झालं. यासाठी कुठलीही बाटली उघडणं म्हणजे गरज नसताना विष घरात आणणं.

डब्यावरचा त्रिकोण आणि त्यामागचा इतिहास

1958 साली केरळमध्ये शंभराहून अधिक माणसं विषबाधेनं मेली. जहाजातून आलेल्या गव्हाच्या पिठात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळलं गेलं होतं. दोन्ही माल एकाच जहाजात ठेवलेले होते. त्या दुर्घटनेनंतर देशात कायद्याची गरज पुढे आली. 1968 चा कीटकनाशक कायदा आणि 1971 चे नियम त्यातून आले. डब्यावरचा रंगीत चौकोन ही त्या नियमांची देणगी. टोकावर उभ्या केलेल्या या चौकोनाचा खालचा त्रिकोण रंगीत असतो. लाल म्हणजे अति जहाल, पिवळा म्हणजे जहाल, निळा मध्यम, हिरवा सौम्य. लालावर कवटी आणि हाडांची खूण असते. इंग्रजी येत नसलं, हिंदी पत्रकातली बारीक छपाई वाचता येत नसली, तरी हा रंग वाचता येतो. घरच्या बागेपुरता नियम असा करावा: लाल आणि पिवळा घरात आणायचाच नाही, हिरव्यानं भागवायचं, निळा अगदी नाइलाज झाला तर.

हा त्रिकोण सगळं सांगत नाही, हेही ध्यानात ठेवावं. तो माणसावर होणाऱ्या तत्काळ विषबाधेचा अंदाज देतो. मधमाश्यांचं काय होईल, वर्षानुवर्षं थोडं थोडं पोटात गेलं तर काय, हे त्या रंगात नसतं. युरोपीय संघानं 2018 साली इमिडाक्लोप्रिडसह तीन नवनिकोटिनॉइड औषधांचा उघड्यावरचा वापर बंद केला, तो मधमाश्यांसाठी. संत्र्याचा आंबिया बहार फुलतो तेव्हा ज्या मधमाश्या बागेत असतात, त्याच सांदवाडीतल्या तुळशीवर आणि शेवग्यावरही येतात. त्यामुळे फुलांवर आलेल्या झाडाला असलं औषध मारू नये.

तिगाव ज्या राज्यात आहे, त्याच राज्याच्या राजधानीत 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसं मेली. तो वायू कार्बारिल नावाच्या कीटकनाशकासाठी साठवलेला होता. कार्बारिलची भुकटी जगभर भाजीपाल्यावर आणि घरच्या बागांमध्ये टाकली जाई. भारतात त्यावर 2018 साली बंदी आली. त्याच आदेशात आणखी काही औषधांसाठी 31 डिसेंबर 2020 ही अखेरची तारीख दिली होती. त्यात फोरेट होतं, म्हणजे खेड्यापाड्यांत थायमेट म्हणून ओळखले जाणारे दाणे, आणि डायक्लोरव्हॉस होतं, म्हणजे नुवान. दोन्ही घराघरांत पोचलेली. दाणे कुंडीत टाकायचे, नुवान ढेकूण-झुरळांवर मारायचं. घरात जुना डबा पडलेला असेल तर तो वापरू नये, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. कृषी विभागाला विचारून त्याची विल्हेवाट लावावी.

16 जुलै 2013 रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी शाळेतलं माध्यान्ह भोजन खाऊन 23 मुलं मेली. तपासणीत स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं. या औषधाला भाजीपाल्यावर वापरायला देशात 2005 पासूनच मनाई होती. कीटकनाशक आणि अन्न एका छपराखाली आल्यावर काय होऊ शकतं, याची ही साक्ष आहे. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत औषध काढून ठेवणं, रिकाम्या डब्यात तेल किंवा धान्य भरणं, स्वयंपाकघराच्या फळीवर औषध ठेवणं, या तिन्ही गोष्टी प्रत्येक घरानं आजच बंद कराव्यात.

आणि यवतमाळ. 2017 च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना त्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी पऱ्हाटी उंच वाढली होती, माणसाच्या डोक्याशी फवारा येत होता, हवा दमट होती, दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती. मिश्रणातल्या वेगवेगळ्या विषांवर एकच उतारा नसतो. डॉक्टरला काय फवारलं तेच कळलं नाही तर उपचार अडतो. यवतमाळची पऱ्हाटी आणि पांढुर्ण्याची पऱ्हाटी यांच्यात राज्याची सीमा आहे, पण पीक तेच, पंप तेच, दुकानातला सल्लाही तसाच. घरच्या बागेसाठी यातून घ्यायचं ते इतकं: दोन औषधं कधीही एकत्र करू नयेत आणि डोक्याच्या वर तोंड करून फवारू नये.

निवड कशी करावी

दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, पान उलटून पाहणं. बहुतेक किडी पानामागे असतात. दुसरी, नुकसानीची खूण: पान आकसलं, की कुरतडलं, की शेंडा सुकला, की फळाला भोक पडलं. तिसरी, किती झाडांवर आणि किती प्रमाणात. चार पानं कुरतडली म्हणून झाड मरत नाही.

मावा, तुडतुडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींसाठी पाण्याचा झोत, साबणाचं द्रावण, मग निंबोळी. थंडीत वालावर आणि मोहरीवर मावा येतो, त्याला एवढं पुरतं. पावसाळी दमट दिवसांत लेकॅनिसिलियम ही बुरशी, शेतकरी तिला व्हर्टी म्हणतात, लिटरमागे पाच ग्रॅम संध्याकाळी फवारली की या किडींना रोग लावते. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात ती काम करत नाही. तेव्हा तिच्यावर पैसे घालवू नयेत.

पानं खाणाऱ्या अळ्या आधी वेचाव्यात. कोबी-फुलकोबीवर फारच झाल्या तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे बीटी हा जिवाणू. ज्या जिवाणूचा जनुक 2002 पासून आपल्या कपाशीत आहे, तोच हा. तो फवारलेलं पान अळीनं खाल्लं तरच लागू पडतो. काही तासांत अळी खाणं थांबवते आणि दोन-तीन दिवसांत मरते. माणसाला, मधमाशीला, कोंबडीला त्याचा त्रास होत नाही. पण मावा किंवा कोळी असेल तर बीटीचा उपयोग शून्य.

वांग्याचा शेंडा मान टाकून सुकला, तर आत पोखरणारी अळी आहे. फवारा आत पोचत नाही, म्हणूनच बाजारात येणाऱ्या वांग्यावर औषधं पुन्हा पुन्हा मारली जातात. घरी एवढंच करावं की सुकलेला शेंडा अळीच्या खाली कापून नष्ट करावा, किडकी वांगी तिथंच टाकू नयेत आणि एक कामगंध सापळा लावावा. नेमानं केलं तर चार-सहा झाडांना फवारणी लागत नाही.

कारलं, दोडका, भोपळा यांच्या फळात अळ्या निघाल्या तर ती फळमाशी. किडलेली फळं रोज वेचून पिशवीत बांधावीत. पेरू-संत्र्याच्या फळमाशीचे नर मिथाइल युजेनॉलच्या वासाला येतात. हा घटक तुळशीत असतो. म्हणून चुरडलेली तुळस बाटलीच्या सापळ्यात ठेवण्याची रीत आहे. वेलवर्गीयांवरच्या माशीला मात्र क्यू-ल्यूर हे वेगळं गंधद्रव्य लागतं. इथंही माशीचं नाव कळलं तरच सापळा उपयोगी.

कोळ्याला पाण्याचा झोत आणि गंधक. पण पारा 35 च्या वर गेला की गंधकानं पानं करपतात, आणि पांढुर्ण्याचा उन्हाळा त्याच्या कितीतरी वर जातो. निंबोळी तेल मारल्यानंतर दोन आठवड्यांत गंधक मारू नये. दोन्ही मिळून झाड जाळतात.

निंबाचा आधार आणि घरगुतीपणाचा भ्रम

1959 साली सुदानमध्ये टोळधाडीनंतर जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिख श्मुटेरर यांना दिसलं की सगळी झाडं ओरबाडली गेली आणि कडुनिंब तेवढा हिरवा राहिला. त्यातला अझाडिरॅक्टिन हा घटक किडीला लगेच मारत नाही. तो तिची खाण्याची इच्छा मोडतो, कात टाकणं बिघडवतो, अंडी घालणं कमी करतो. म्हणून निंबोळी मारून दुसऱ्या दिवशी कीड जिवंत दिसली की ‘काही कामाचं नाही’ असं म्हणू नये. चार-पाच दिवस थांबावं. उन्हात हा घटक लवकर विरतो, तेव्हा फवारणी संध्याकाळी आणि आठवड्यानं पुन्हा.

घरी करायचा पाच टक्के अर्क असा: पावसाळ्याच्या तोंडाला निंबोळ्या वेचून गर काढून सावलीत वाळवाव्यात. 50 ग्रॅम निंबोळी कुटून एक लिटरच्या हिशेबानं पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्यानं दोनदा गाळावं, दोन ग्रॅम साबण घालावा आणि त्याच दिवशी वापरावं. वेळ नसेल तर दुकानातला 10,000 पीपीएमचा निंबोळी अर्क लिटरमागे दोन-तीन मिलिलिटर. तिगावसारख्या गावात निंब दारात असतो. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात निर्धोक उपाय सांदवाडीजवळच उभा आहे.

पण घरी केलेलं म्हणजे निर्धोक, हा समज सोडावा. तंबाखूच्या पाण्यातलं निकोटिन जहाल विष आहे आणि ते कातडीतूनही अंगात शिरतं. शिवाय तंबाखूला लागलेला विषाणू हातातून मिरची-टोमॅटोला लागू शकतो. दशपर्णी अर्कात कण्हेर असते, तिच्यातली द्रव्यं हृदयावर परिणाम करतात. तो अर्क पालेभाजीवर मारून दुसऱ्या दिवशी भाजी खुडू नये. रॉकेल, फिनेल, झुरळांचा स्प्रे झाडांवर मारणं तर पूर्ण टाळावं. ते झाडासाठी बनलेलेच नाहीत.

मित्रकीटकांना जागा

2008 मध्ये कोइमतूरच्या बाजूला पपईवर नवा पिठ्या ढेकूण दिसला आणि बघता बघता इतर राज्यांत गेला. शेतकऱ्यांनी औषधं मारली, पण मेणाखालची कीड आटोक्यात येईना. 2010 मध्ये बेंगळुरूच्या कृषी कीटक संस्थेनं पोर्टो रिकोहून त्याच्या अंगात अंडी घालणाऱ्या इवल्याशा गांधीलमाश्यांच्या तीन जाती आणल्या. त्यांतल्या अॅसेरोफॅगस पपयी या जातीनं ती साथ मोडली. पण हे जिथं फवारणी थांबली तिथंच झालं. विषारी फवाऱ्यात गांधीलमाशी आधी मरते आणि ढेकूण मागे राहतो.

घरच्या बागेत ही फौज आधीच असते. ढालकिडा आणि त्याची मगरीसारखी दिसणारी काळी अळी, दोघेही मावा खातात. हिरव्या जाळीदार पंखांच्या क्रायसोपाची अळी, फुलांवर घिरट्या घालणाऱ्या सिरफिड माशीची अळी, दोघीही मावाभक्षक. पिठ्या ढेकणाला खाणाऱ्या क्रिप्टोलीमस भुंगेऱ्याची अळी तर स्वतःच पांढऱ्या मेणानं झाकलेली असते. तिला ढेकूण समजून अनेक जण मारतात. सांबार, बडीशेप, झेंडू यांची थोडी फुलं बागेत ठेवली तर या कीटकांना खाणं मिळतं. मावा पहिल्यांदा दिसला की आठवडाभर नुसतं पाहावं. बहुतेकदा खाणारे येतात आणि फवारणीची वेळच येत नाही.

तरी लागलंच तर

एवढं सगळं करून औषध घ्यावंच लागलं, तर आजारी फांदी किंवा किडीचा फोटो घेऊन दुकानात जावं, भाजीचं नाव सांगावं आणि पक्कं बिल घ्यावं. सल्ल्यासाठी किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा क्रमांक आहे. मराठीतही बोलता येतं. पिकाचं नाव पत्रकावर आहे का आणि प्रतीक्षा कालावधी किती, हे दुकानदाराकडून वाचून घ्यावं. वारा नसताना, ऊन उतरल्यावर, हातमोजे आणि लांब बाह्यांचे कपडे घालून फवारावं. लागेल तेवढंच द्रावण करावं. रिकामा डबा तीनदा धुऊन भोक पाडून टाकावा. मळमळ, घाम, धूसर दिसणं, लाळ गळणं सुरू झालं तर कपडे काढून अंग साबणानं धुवावं, मनानं उलटी करवू नये आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठावा. डॉक्टरला तो डबाच सांगतो की उतारा कोणता.

काही गोष्टी एकट्या घराच्या हातात नाहीत. घरच्या बागेसाठी पाच-दहा मिलिलिटरच्या, सौम्य गटातल्या, मापाची सिरिंज सोबत असलेल्या पुड्या आणि बाटल्या बाजारात सहज मिळायला हव्यात. पांढुर्णा-सौंसरसारख्या सीमेवरच्या तालुक्यांत माहितीपत्रक लोक बोलतात त्या मराठीतही, वाचता येईल अशा अक्षरांत मिळायला हवं. कृषी विज्ञान केंद्रांनी सांदवाडी हा विषय बायकांसाठी आणि शाळांसाठी घ्यायला हवा, कारण घरची भाजी बहुधा त्याच तोडतात आणि मुलंच त्या झाडांमध्ये खेळतात. शेतीच्या औषधांवर जे नियम झाले त्यांतले अनेक माणसं मेल्यानंतर झाले. घरच्या बागेसाठीचे नियम आपण त्याआधी, स्वतःच्या घरापासून, करू शकतो: ओळखल्याशिवाय मारायचं नाही, वावरातली बाटली सांदवाडीत आणायची नाही, आणि जे आपण खाणार नाही ते आपल्या भाजीवर टाकायचं नाही.